कोड टाकायच्या आधी वरचा गोल दाबा

आपल्याकडे घरात चांगला फोन एकच. त्यात बाबांचं गूगल खातं, दादाचं खातं, शिवाय मोबाईलवाल्याने फोन चालू करून देताना घाईत उघडलेलं आणखी एक. दिग्रसच्या बाजारातून आणलेला गूगल प्लेचा कोड (गिफ्ट कार्डावरचा, टाकला की खात्यात पैसे जमा होतात) पोट्टं यातल्या कोणत्या खात्यात टाकतं, ते त्यालाही ठाऊक नसतं. म्हणून प्ले स्टोअर उघडलं की उजवीकडे वरचा गोल (खात्याचा फोटो किंवा अक्षर) आधी दाबा. तिथे दिसणारा ईमेल आपला नसेल तर तिथूनच खातं बदला, मगच कोड टाका.

एकदा टाकलेला कोड संपला. त्यातून जमा झालेली शिल्लक दुसऱ्या खात्यात हलवता येत नाही. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या दुकानाच्या कीचंही, म्हणजे गेम उघडायच्या कोडचंही, तसंच. पण प्लेचा कोड चुकीच्या खात्यात गेला तरी पैसे बुडाले असं नाही. शिल्लक त्या खात्यात राहते, अन् फ्री फायर मॅक्सचे डायमंड किंवा बीजीएमआयची यूसी (गेममधले विकतचे पैसे) जाते ती गेममध्ये लॉगिन असलेल्या आयडीवर. पैसे भरायच्या पडद्यावर कोणता ईमेल येतो ते पाहा. बाबांचाच आला, तर त्यांच्या शिल्लकेतून तुमच्या आयडीवर माल येतो. फक्त आधी त्यांना विचारा, बाप्पा!

“शिल्लक फिरवून देतो, ओटीपी सांग” म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. फसलाच असाल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावा. अन् खात्यात रक्कम दिसेपर्यंत कार्ड, पावती फेकू नका.