आर्मा ३ मध्ये सैनिक उतरवताना हेलिकॉप्टर कसे हाताळावे

चेक प्रजासत्ताकातील बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीचा 'आर्मा ३' हा युद्धावरचा संगणकीय खेळ २०१३ साली आला, आणि आजही त्याच्या सामूहिक मोहिमांत सर्वांत जबाबदारीची जागा कोणती असे विचारले तर मी वाहतूक हेलिकॉप्टरच्या वैमानिकाचेच नाव घेईन. पायदळातल्या एखाद्याची चूक झाली तर बहुधा तो एकटा पडतो. वैमानिकाची चूक झाली तर मागे बसलेली संपूर्ण तुकडी संपते, आणि अर्धा-पाऊण तास आखणी करून निघालेल्या माणसांची संध्याकाळ वाया जाते. मी पाहिलेली बहुतेक हेलिकॉप्टरे शत्रूच्या गोळीने पडलेली नाहीत, ती उतरताना पडली आहेत. त्यातही शेवटच्या दहा मीटरांत जे बिघडते त्याचे मूळ जवळजवळ नेहमी एक किलोमीटर मागे असते. म्हणून या लेखात मुख्य भर उतरण्यावर आहे.

सुरुवातीला एक गोष्ट ठरवून घ्यावी. या खेळात उड्डाणाच्या दोन पद्धती आहेत. पहिली मूळची, सोपी पद्धत. दुसरी प्रगत पद्धत, जी नोव्हेंबर २०१४ मध्ये हेलिकॉप्टरांसाठीच्या वेगळ्या विस्तारासोबत आली आणि जी वाऱ्याचा परिणाम, यंत्रावर पडणारा ताण, रोटरच्या (डोक्यावरच्या फिरत्या पात्यांच्या) फिरण्यामुळे नाकाचे वळणे अशा बाबी हिशेबात घेते. ही निवड खेळाच्या पर्यायांत करता येते, मात्र काही सर्व्हर एकच पद्धत सर्वांवर लागू करतात. नवीन वैमानिकाने सोप्या पद्धतीपासून सुरुवात करावी यात कमीपणा नाही. तरीही खाली सांगितलेली शिस्त दोन्हीकडे तीच आहे, आणि ती अंगवळणी पडली की प्रगत पद्धतीकडे जाणे फारसे जड जात नाही.

हेलिकॉप्टरची नियंत्रणे तीन. कलेक्टिव्ह सर्व पात्यांचा कोन एकाच वेळी वाढवतो किंवा कमी करतो, म्हणजे एकूण उचल त्याच्या हाती असते. सायक्लिक रोटरची तबकडी पुढे, मागे किंवा बाजूला कलवतो. पेडल शेपटीच्या रोटरमार्फत नाक वळवतात. नवशिके कलेक्टिव्हला 'वर-खाली जाण्याचे बटण' आणि सायक्लिकला 'पुढे-मागे जाण्याचे बटण' समजतात, आणि बहुतेक अपघातांची सुरुवात या समजुतीतून होते. खरे पाहता नाक वर उचलले की पुढचा वेग उंचीत बदलतो आणि नाक खाली केले की उंची वेगात बदलते. म्हणून सायक्लिक हलवला की कलेक्टिव्ह हलवावाच लागतो, आणि प्रगत पद्धतीत कलेक्टिव्ह हलवला की पेडलही. कलेक्टिव्ह वाढवल्यावर नाक ज्या बाजूला सरकू लागेल त्याच्या उलट पेडल हळूच द्यावे. जॉयस्टिक असल्यास उत्तम, पण कीबोर्ड आणि माउसवरही स्वच्छ उड्डाण करता येते. फक्त कळ दाबून धरण्याऐवजी ती थोडी थोडी, टिचकी मारल्यासारखी दाबण्याची सवय लावावी.

आता प्रत्यक्ष उतरणे. उदाहरण म्हणून खेळातल्या स्ट्रॅटिस बेटावरील आगिया मरीना हे गाव घेऊ. (हे बेट ग्रीसमधील आगिओस एफ्स्त्रातिओस या खऱ्या बेटावरून घडवलेले आहे.) आपल्याकडे एमएच-९ हमिंगबर्ड हे छोटे हेलिकॉप्टर आहे, त्याच्या बाहेरच्या बाकांवर सैनिक बसलेले आहेत, आणि गावाबाहेरच्या मोकळ्या शेतात त्यांना उतरवायचे आहे. उतरण्याच्या जागेपासून एक किलोमीटरवर वेग ताशी १८० किलोमीटरच्या आसपास आणि जमिनीपासून उंची ४० मीटर असावी. या क्षणापर्यंत दिशा पक्की झालेली असली पाहिजे, कारण वेग कमी करताना दिशाही शोधणारा वैमानिक दोन्ही कामे अर्धवट करतो.

सुमारे ५०० मीटर उरले की आधी कलेक्टिव्ह खाली आणावा आणि मग नाक साधारण १५ अंश वर घ्यावे. क्रम हाच. नाक आधी उचलले तर हेलिकॉप्टर फुग्यासारखे वर चढते, घाबरून वैमानिक नाक पुन्हा खाली घालतो, वेग पुन्हा वाढतो, आणि जागा खालून निघून जाते. नाक वर असताना पुढचे दिसत नाही, म्हणून आल्ट कळ धरून बाजूच्या खिडकीतून खाली पाहावे. एखादे झाड किंवा कुंपण हेरून ते किती वेगाने मागे सरकते आहे याचा अंदाज घ्यावा. वेग ताशी ६० पर्यंत उतरला की उंची १० ते १५ मीटर उरलेली असावी. इथून नाक हळूहळू सरळ करायचे आणि त्याच वेळी कलेक्टिव्ह वाढवत न्यायचा.

हा शेवटचा टप्पा सर्वांत अवघड आहे, आणि त्याचे कारण समजले की हात आपोआप वेळेवर हलतो. पुढे सरकणाऱ्या रोटरला सतत न ढवळलेली हवा मिळते, त्यामुळे त्याची उचल अधिक असते. वेग साधारण ताशी ३० ते ४५ किलोमीटरच्या खाली गेला की हा फायदा संपतो आणि हेलिकॉप्टर अचानक जड झाल्यासारखे बसू लागते. हे बसणे सुरू झाल्यावर कलेक्टिव्ह ओढणाऱ्याला नेहमी उशीर होतो. ते होणार हे धरून चालून आधीपासून थोडा थोडा वाढवत नेणाऱ्याचे हेलिकॉप्टर जमिनीला अलगद टेकते. अगदी खाली, रोटरच्या व्यासाइतक्या उंचीच्या आत, जमिनीमुळे थोडी उचल परत मिळते. त्या आधारावर क्षणभर स्थिर होऊन मगच खाली बसावे.

याउलट, वर थांबून सरळ खाली उतरण्याचा मोह टाळावा. पुढचा वेग जवळजवळ नसताना सेकंदाला दीड-दोन मीटरांपेक्षा जलद खाली आल्यास रोटर स्वतःच खाली ढकललेल्या हवेत सापडतो, पात्यांभोवती भोवरा तयार होतो आणि उचल ढासळते. अशा वेळी हात आपोआप कलेक्टिव्ह वर ओढतो, आणि त्याने भोवरा अधिकच बळावतो. कलेक्टिव्ह थोडा खाली, नाक पुढे किंवा बाजूला झुकवून स्वच्छ हवेत निघणे हाच उपाय आहे, आणि त्यासाठी उंची लागते. ती १५ मीटरवर नसते.

जागा निवडताना नकाशावरची मोकळी जागा पुरेशी नाही. उतार, दगडी कुंपणे, विजेचे खांब आणि एकटे उभे असलेले झाड या चार गोष्टी प्रत्यक्ष पाहाव्यात. नाकापुढचे झाड सर्वांना दिसते. शेपटीमागचे कोणालाच दिसत नाही, म्हणून उतरताना मागे सरकू नये, आणि जमिनीजवळ शेपूट फिरवण्याआधी मागे बसलेल्या एखाद्याला विचारावे. खालच्या तुकडीने धुराचा गोळा टाकला असेल तर त्याच्या रंगाबरोबर धूर कोणीकडे वाहतो हेही पाहावे. वाऱ्याला तोंड करून उतरल्यास तोच वारा थोडी उचल फुकट देतो. पाठीवर वारा घेऊन उतरणे प्रगत पद्धतीत फार महागात पडते.

भारतातून युरोपातील सर्व्हरवर खेळणाऱ्यांसाठी एक खास सूचना, जी मी स्वतः उशिरा शिकलो. या खेळात वाहनाची गणिते ते चालवणाऱ्याच्या संगणकावर होतात. त्यामुळे पुण्यात बसलेल्या वैमानिकाला आपले हेलिकॉप्टर अगदी सुरळीत चालताना दिसते, पण बाकांवर बसलेल्यांना आणि खालच्यांना ते थोडे मागे, कधी झटके खात दिसते. एका रात्रीच्या मोहिमेत मी टेकल्याबरोबर 'उतरा' म्हणालो, आणि पहिला सैनिक त्याच्या पडद्यावर अजून हवेतच असलेल्या हेलिकॉप्टरमधून उतरला. तेव्हापासून मी टेकल्यावर कलेक्टिव्ह पूर्ण खाली करतो, मनात तीन अंक मोजतो, आणि मगच स्पष्ट शब्दांत उतरायला सांगतो. शेवटचा माणूस 'सगळे उतरले' असे म्हणेपर्यंत उचलायचे नाही, गोळ्या सुरू असल्या तरी.

गोळीबाराबद्दल थोडक्यात. उंची हे संरक्षण नाही, आड हे संरक्षण आहे. टायटनसारखे खांद्यावरून सुटणारे विमानविरोधी क्षेपणास्त्र दिसल्याशिवाय सोडता येत नाही, म्हणून डोंगराच्या धारेमागून, दऱ्यांतून, समुद्रालगत यावे. क्षेपणास्त्राचा इशारा वाजताच फ्लेअर (क्षेपणास्त्राला चकवणारे जळते गोळे) सोडावेत, वळावे आणि जवळच्या टेकडीआड जावे. नुसते फ्लेअर सोडून सरळ उडत राहणे पुरेसे नाही. आलेल्या वाटेनेच परत जाऊ नये.

बिघाडांपैकी दोनांची तयारी हवीच. शेपटीचा रोटर गेला तर थांबू नये. ताशी १०० च्या वर वेग असेपर्यंत शेपटीवरचा हवेचा दाब नाक बऱ्यापैकी सरळ ठेवतो, म्हणून लांब सपाट जागा किंवा धावपट्टी गाठून घसरत उतरावे. इंजिन बंद पडल्यास कलेक्टिव्ह त्याच क्षणी पूर्ण खाली करावा. खालून येणारी हवा मग रोटर फिरता ठेवते. वेग ताशी १०० ते १२० राखावा, २०-२५ मीटरवर नाक उचलून वेग मोडावा, आणि शेवटच्या चार-पाच मीटरांत रोटरमध्ये साठलेली सगळी ताकद एकाच ओढीत वापरावी. ती ओढ एकदाच मिळते.

सरावासाठी खेळातल्याच ईडन संपादकात (मोहिमा रचण्याच्या साधनात) एकट्याने बसावे. स्ट्रॅटिसवर हमिंगबर्ड ठेवावे, एलझेड बाल्डीच्या टेकडीवर एक हेलिपॅड मांडावे, आणि तळावरून उठून तिथे उतरून पुन्हा तळावर यावे. पहिले दहा फेरे वाऱ्याशिवाय, पुढचे दहा वारा वाढवून, त्यानंतरचे अंधारात. घड्याळ लावू नये. प्रत्येक फेरीत ५०० मीटरवर आपला वेग आणि उंची किती होती एवढेच कागदावर लिहावे. उतरणे फसलेल्या फेऱ्यांसमोर ते दोन आकडे वाचले की पुढच्या फेरीत काय बदलायचे ते लगेच कळते.