मोवर कलला की उडी मारू नका

लातूर, बीड, परभणीकडनं इकडं अमेरिकेत लॉनच्या कामाला आलेल्या पोरांनो, खोली, बँक, लायसनचं सांगणारे लै भेटतील, मी फक्त रायडिंग मोवरचं, म्हणजे वर बसून चालवायच्या गवत कापायच्या मशीनचं सांगतो. गावाकडं ट्रॅक्टर हाकलेला असतो, म्हणून फोरमननं पहिल्याच दिवशी किल्ली दिली की बरं वाटतं, पण तिथली एक सवय इथं जीव घेते. बांधावर ट्रॅक्टर कलला की उडी मार, हेच आपण बघत आलोय कारण तिथं बहुतेक ट्रॅक्टरला ना रोल बार, म्हणजे सीटमागची लोखंडी कमान, ना बेल्ट. इथं उडी मारली की आपण उताराकडंच पडतो अन् मशीन पण तिकडंच येतं, अंगावर.

बार उभा अन् बेल्ट कंबरेला, दोन्ही पाहिजेत. फांद्यांखालून जायला बार पाडला तर तेवढा वेळ बेल्ट काढायचा, सपाटीवरच राहायचं, बाहेर आलं की बार उभा करून दोन्हीकडच्या पिना आरपार घालायच्या, मग बेल्ट. बारच नसलेलं मशीन असलं तर बेल्ट लावायचा नाही अन् उतारावर जायचंच नाही.

माझं तिसरं वर्ष होतं, तळ्याचा काठ, गवतावर दव. आदल्या दिवशीचा बार पाडलेलाच होता, सोबतच्या मेक्सिकन दादानं त्याच्यावर हातानं ठोकून दाखवलं म्हणून उभा केला. झीरो टर्न, म्हणजे जागेवर वळणाऱ्या मोवरची पुढची चाकं नुसती गरगरतात, वळणं अन् थांबणं सगळं मागच्या दोन चाकांवर, ती घसरली की हातात काहीच राहत नाही. मशीन आडवं झालं, बार चिखलात रुतला, मी बेल्टला लटकलेलो अन् पाणी हातभर खाली. कंबरेवर बेल्टचा वळ पंधरा दिवस होता. त्या दादाचे उपकार मी विसरलेलो नाही.

म्हणून पाणी, भिंत, खड्डा यांच्यापासून दोन मोवर बसतील एवढं अंतर सोडा, तिथलं गवत वीड ईटरनं, म्हणजे हातात धरायच्या दोरीच्या मशीननं काढा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये १५ अंशांची हद्द दिलेली असते, आपल्या मशीनची बघून घ्या, उतारावर फळी टाकून तिच्यावर फोन ठेवला की लेव्हलचं अ‍ॅप अंश दाखवतं. मागं गवताची भरलेली बॅग असली तर आणखी जपून. फोरमन ऐकतच नसला तर ओशाचा, म्हणजे कामावरची सुरक्षा बघणाऱ्या इथल्या सरकारी खात्याचा फुकटचा नंबर १-८००-३२१-६७४२, जवळ ठेवा.

आणि बारची पिन हरवली तर खिळा, तार घालून भागवू नका, नवी मागा, मिळेपर्यंत हातानं ढकलायचा मोवर घ्या.