शहराच्या आराखड्यात रहिवाशांचा सहभाग कसा घडवून आणावा

लोकसहभाग म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सभागृह, व्यासपीठ आणि ध्वनिक्षेपकासमोर लागलेली रांग येते. प्रत्यक्षात या कामाचे यशापयश सभेच्या कितीतरी आधी, कोणता निर्णय अजून झालेला नाही, या एका प्रश्नावर ठरलेले असते. आयोजकांनी हा प्रश्न नियोजन विभागाला विचारावा आणि त्याचे उत्तर लेखी घ्यावे. वळणरस्त्याची आखणी पक्की होऊन त्यासाठी निधीही मंजूर झाला असेल, तर पहिल्याच पत्रकात तसे स्पष्ट लिहावे आणि चर्चा पदपथ, रस्ता ओलांडण्याच्या जागा, झाडे आणि दिवे यांपुरती ठेवावी. विषय मर्यादित असल्याबद्दल लोक सहसा तक्रार करत नाहीत. परंतु आधीच ठरलेल्या गोष्टीवर आपले मत मागितले होते, हे मागाहून कळले की ते पुढच्या सभेकडे फिरकत नाहीत.

अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाशी लोकांना केवळ झुलवत ठेवणे आहे, मधल्या भागात माहिती देणे आणि मत विचारणे आहे, तर वरच्या भागात भागीदारी, अधिकार सोपवणे आणि नागरिकांचे नियंत्रण आहे. प्रत्येक कामाने सर्वांत वरची पायरी गाठलीच पाहिजे, असे मला वाटत नाही. मात्र मत विचारण्याच्या पायरीवर उभे राहून भागीदारीची भाषा बोलू नये, हे पथ्य कटाक्षाने पाळावे. अंतिम निर्णय कोण घेणार, कधी घेणार आणि रहिवाशांचे म्हणणे त्यांच्यापर्यंत कोणत्या स्वरूपात पोहोचणार, हे निमंत्रणातच लिहिलेले असावे.

त्यानंतर माणसांची यादी करावी. येथे एक चूक हमखास होते, ती म्हणजे नोंदणीकृत संस्था, मंडळे आणि व्यापारी संघटना यांना पत्रे पाठवली की शहराला बोलावले, असे समजले जाते. भाडेकरू, पाळीत काम करणारे कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, फिरते विक्रेते आणि अपंग व्यक्ती यांपैकी बहुतेकांची कोणतीच संघटना नसते आणि आराखड्याचा परिणाम तर त्यांच्या रोजच्या जगण्यावर सर्वांत आधी होतो. म्हणून एकच विषय किमान दोन वेगवेगळ्या वेळी, एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी आणि एकदा सुट्टीच्या दिवशी सकाळी, चर्चेला ठेवावा. जागा तळमजल्यावर असावी आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय बाजूच्याच खोलीत असावी. जे येऊ शकत नाहीत त्यांच्या दारी, कामाच्या ठिकाणी किंवा बसथांब्यावर जावे लागते. त्याला पर्याय नाही. किती लोक आले, या आकड्यावर समाधान मानू नये. आलेल्यांचे वय, वस्ती आणि घर स्वतःचे की भाड्याचे, यांची शहराच्या जनगणनेतील प्रमाणाशी तुलना केली की कोण राहून गेले, ते लगेच दिसते आणि पुढची फेरी कोठे घ्यायची, हेही कळते.

आता नकाशाविषयी थोडे सविस्तर, कारण सहभागाची खरी अडचण पुष्कळदा कागदावरच असते. संपूर्ण शहराचा छोट्या प्रमाणाचा नकाशा भिंतीवर लावला की सामान्य माणूस त्यात स्वतःला शोधत राहतो, आणि घर सापडेपर्यंत चर्चा संपलेली असते. वस्तीपातळीवरील चर्चेसाठी १:१००० हे प्रमाण सोयीचे आहे. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर, म्हणजे एखादे घर बोटाच्या नखाएवढे दिसते, आणि सर्वांत मोठ्या प्रचलित आकाराच्या, ए-झीरो कागदावर सुमारे ८४० मीटर रुंद आणि ११९० मीटर लांब एवढा भाग मावतो. नकाशा भिंतीवर न लावता टेबलावर पसरावा आणि खोलीबाहेरचा रस्ता ज्या दिशेला आहे, त्याच दिशेला कागदावरचा रस्ता येईल असा फिरवून ठेवावा. एका बैठकीत मी उत्तर दिशा वर ठेवण्याच्या शिस्तीपायी हे केले नव्हते. एक आजी बराच वेळ कागदाकडे पाहत गप्प बसल्या होत्या. शेजारच्या तरुणाने नकाशा उलटा फिरवून पाण्याच्या टाकीवर त्यांचे बोट टेकवले, तेव्हा त्या एका दमात म्हणाल्या, ‘ही टाकी, ही आमची गल्ली, आणि इथून पुढे चार महिने पाणी साचतं, तुम्ही इथेच शाळा दाखवलीय.’ त्या जागेचा उतार आमच्या कोणत्याच कागदावर नव्हता.

टेबलाभोवती आठ-दहांपेक्षा अधिक माणसे बसवू नयेत. प्रत्येक टेबलावर एक संवादक आणि एक नोंद घेणारा असावा, आणि ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे देऊ नयेत. नोंद बोलणाऱ्याच्या शब्दांतच करावी. ‘निचऱ्याची समस्या’ असे लिहिले की चार महिने साचणारे पाणी त्यातून वाहून जाते. प्रत्येक सूचनेला क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक नकाशावर त्या जागी लिहावा. प्राधान्य ठरवण्यासाठी रंगीत टिकल्या चिकटवण्याची पद्धत सोपी आहे, परंतु पहिल्या दहा टिकल्या जिथे पडतात तिथेच पुढच्याही पडतात. म्हणून प्रत्येकाने आपली निवड आधी चिठ्ठीवर लिहावी आणि मगच टिकली लावावी.

बैठकीला वस्तीतील फेरीची जोड अवश्य द्यावी. दिवसा एक आणि अंधार पडल्यावर एक, अशा दोन फेऱ्या काढल्या तर दोन वेगळीच शहरे दिसतात. फेरीत चाकाची खुर्ची वापरणारी व्यक्ती आणि लहान मुले असावीत. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ९५ सेंटिमीटर असते, आणि तेवढ्या उंचीवरून उभ्या गाडीपलीकडचा रस्ता दिसत नाही, हे गुडघ्यांवर बसून एकदा पाहिले की पदपथाची चर्चा आपोआप बदलते.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती आणि सूचनांची मुदत सुरू होते. या टप्प्यावर वस्तीत मदतकेंद्र चालवून लोकांना हरकत लिहिण्यास साहाय्य करावे. हरकतीत जागा, आक्षेप, त्याचे कारण आणि हवा असलेला बदल, या चार गोष्टी असल्या की पुरे. शेकडो लोकांनी एकाच छापील मजकुरावर सह्या करण्यापेक्षा प्रत्येकाने स्वतःच्या जागेविषयी लिहिलेली चार वाक्ये सुनावणीत अधिक उपयोगी पडतात, असा माझा अनुभव आहे. पोच घेण्यास विसरू नये.

सर्वाधिक कंटाळवाणे आणि सर्वाधिक टाळले जाणारे काम मात्र त्यानंतरचे आहे, आणि ते म्हणजे उत्तरांची नोंदवही. त्यात सूचनेचा क्रमांक, मूळ शब्द, स्वीकारली की नाकारली, त्याचे कारण आणि आराखड्यातील संबंधित पान, असे रकाने असावेत. ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ हे कारण म्हणून मान्य करू नये. कोणती अडचण आहे, ते लिहावयास लावावे. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून रहिवाशांनी नगरपालिकेच्या गुंतवणुकीतील कामांचा प्राधान्यक्रम ठरवण्यास सुरुवात केली. तेथील वार्षिक फेरीचा आरंभ मागील वर्षी ठरलेल्या कामांच्या हिशेबाने होत असे, आणि नवीन मागण्या त्यानंतर मांडल्या जात. आपल्याकडील नोंदवहीही त्याच हेतूने ठेवायची आहे. ती ज्या खोलीत नकाशा पसरला होता, त्याच खोलीत, त्याच टेबलावर उघडी ठेवावी, आणि पुढच्या बैठकीची सुरुवात तिच्या पहिल्या पानाच्या वाचनाने करावी.