लोडशेडिंगच्या दिवसांत घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

उन्हाळा तापला, कोळसा कमी पडला आणि भारनियमनाच्या बातम्या सुरू झाल्या की माझ्या दुकानात गर्दी होते. कुणाला इन्व्हर्टर हवा असतो, कुणी जळालेला स्टॅबिलायझर घेऊन येतो. वीज कमी कशी वापरायची हे विचारायला मात्र कोणी येत नाही. मी वायरिंगची, पंखे-मोटारी दुरुस्तीची कामं करतो. 2005 नंतरची बारा-बारा तासांची लोडशेडिंग आमच्या तालुक्याने भोगली, 2021 च्या ऑक्टोबरमधली कोळशाची ओढाताण पाहिली, 2022 च्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच. दर वेळी घराघरांत चुका त्याच होतात, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

लाइट गेल्यावर सगळी बटणं तशीच चालू ठेवणं

माझ्या मते ही सगळ्यात वाईट चूक, आणि ती जवळजवळ प्रत्येक घरात होते.

2022 च्या त्याच एप्रिलमधली गोष्ट. गावाबाहेरच्या एका कॉलनीला 100 केव्हीएची एकच डीपी, म्हणजे रोहित्र. संध्याकाळी पाचला गेलेली लाइट आठला आली आणि दोन मिनिटांत मोठा आवाज होऊन डीपीवरचा डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, उडाला. लाइनमनने येऊन फ्यूज बांधला, काठीने डीओ चढवला, लाइट आली, पुन्हा उडाला. लोक खाली जमले आणि त्या बिचाऱ्यालाच बोलायला लागले. मी तिथे एका काकूंकडे स्टॅबिलायझर बसवायला गेलो होतो. काकू म्हणाल्या, "आमच्याकडे काहीच चालू नाही रे बाबा, पंखा तेवढा इन्व्हर्टरवर आहे."

मी त्यांना त्यांचंच घर फिरून दाखवलं. एसीचं बटण चालू. गिझरचा स्विच सकाळपासून खाली. पाणी चढवता चढवता लाइट गेली होती, त्यामुळे मोटारीचं बटणही तसंच राहिलेलं. वॉशिंग मशीन कपड्यांसकट अर्ध्यात थांबलेलं, फ्रीज गरम झालेला, आणि इन्व्हर्टरची बॅटरी उतरत आलेली. लाइट येताक्षणी या एका घरातून पाच किलोवॅटचा लोड पडणार होता. घरात अंधार असला की काही चालू आहे हे ध्यानातच येत नाही.

वर आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. एरवी कॉलनीत चाळीस फ्रीज असले तरी सगळ्यांचे कॉम्प्रेसर एका वेळी चालत नाहीत. काही चालतात, काही थंड होऊन थांबलेले असतात. तीन तास लाइट नसली की सगळे फ्रीज गरम, सगळ्या बॅटऱ्या उतरलेल्या, सगळ्या टाक्या रिकाम्या, आणि लाइट आली की सगळं एकदम ओढायला लागतं. मोटार सुरू होतानाचा करंट चालतानाच्या पाच-सहा पट असतो. 100 केव्हीएची डीपी हे सोसत नाही. सोसू शकणारही नाही.

त्या रात्री आम्ही घरोघर जाऊन मेन बंद करायला लावले. लाइनमनने तिसऱ्यांदा डीओ चढवला. आधी सगळीकडे फक्त दिवे आणि पंखे, पाच मिनिटांनी फ्रीज, मग एका ओळीचे एसी, मग दुसऱ्या ओळीचे. मोटारी रात्री दहानंतर. डीओ टिकला. एक तरुण पोरगा मात्र वैतागून म्हणत होता, "एवढं कोण थांबणार?" दहा मिनिटं थांबायची तयारी नसते आणि त्यापायी अख्ख्या कॉलनीची रात्र अंधारात जाते, हे मी फार वेळा पाहिलंय.

माझी स्वतःची सवय साधी आहे. लाइट गेली की एसी, गिझर आणि मोटारीचे एमसीबी पाडतो, फ्रीजचं बटण बंद करतो, आणि हॉलमधला एकच दिवा चालू ठेवतो. तो लागला की लाइट आल्याचं कळतं. फ्रीज पाच मिनिटांनी. या थांबण्याने कॉम्प्रेसरही वाचतो, कारण आत गॅसचा दाब असताना तो लगेच सुरू करायला गेलं तर अडकतो. दरवाजा न उघडता फ्रीज चार तास थंड राहतो, तेव्हा पाच मिनिटांनी दूध नासत नाही.

शेतकऱ्यांनी मोटारीला लावलेला ऑटोस्विच हीच चूक मोठ्या प्रमाणावर करतो. लाइट आली की शिवारातले सगळे पंप एका क्षणी सुरू होतात, रोहित्र जळतं, आणि ते बदलून येईपर्यंत पिकं वाळतात. ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर लावा.

"बिल माझं मी भरतो"

हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. टंचाईच्या काळात पैसे भरल्याने वीज तयार होत नाही. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये कोळशाअभावी महावितरणला वीज देणारे तेरा संच बंद पडले, 3,330 मेगावॅट गेले. तेव्हा आवाहन होतं ते सकाळी 6 ते 10 आणि संध्याकाळी 6 ते 10 या वेळांत वीज जपून वापरण्याचं. वेळेला महत्त्व आहे ते यासाठी. दुपारी सौर वीज हाताशी असते, संध्याकाळी ती जाते आणि नेमकी तेव्हाच घरोघरी बटणं दाबली जातात. त्या वेळेला कोयना धावून येते, पण वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे सोडायच्या तिच्या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा आहे. संध्याकाळी सातला केलेली इस्त्री आणि दुपारी दोनला केलेली इस्त्री मीटरवर सारखीच दिसते, टंचाईत ती सारखी नसते.

"माझ्या एका घराने काय फरक पडणार?" हा याच विचाराचा भाऊ. त्याला माझं उत्तर 5 एप्रिल 2020 चं आहे. कोरोनाच्या लॉकडाउनमध्ये पंतप्रधानांच्या आवाहनावरून रात्री नऊला नऊ मिनिटं फक्त दिवे बंद करायचे होते, पंखे-फ्रीज चालूच होते. देशाची मागणी सुमारे 31,000 मेगावॅटने खाली आली. कोयनेच्या 1,960 मेगावॅटची ही जवळजवळ सोळापट. अंदाज बांधणाऱ्यांनाही एवढी घट अपेक्षित नव्हती. घरातले दिवे एवढं करू शकतात.

आणि आपल्याकडे हे गावांनी आधीच करून दाखवलंय. लोडशेडिंगच्या काळात अक्षय प्रकाश योजनेत गावांनी ठरवून संध्याकाळी मोटारी, पिठाच्या गिरण्या, शेगड्या बंद ठेवल्या आणि त्या बदल्यात घरात दिवे मिळवले. पोरांचा अभ्यास उजेडात झाला. ज्या गावांत दोन-चार घरांनी चोरून हीटर लावले, तिथे सगळ्यांचं गणित बिघडलं. तारेवर टाकलेल्या चोरीच्या आकड्याचंही तसंच. लोडशेडिंगचे गट फीडरवरची, म्हणजे भागाला वीज आणणाऱ्या मुख्य लाइनवरची, गळती आणि वसुली पाहून ठरत आले आहेत, म्हणजे शेजाऱ्याच्या आकड्यापायी तुमच्या घरातले तास वाढतात. हे बघून गप्प बसणं मला पटत नाही.

प्लगमध्ये लावायचं "पॉवर सेव्हर"

टंचाई आली की ही डबी बाजारात येते. प्लगमध्ये लावा, बिल तीस-चाळीस टक्के कमी. एका गिऱ्हाइकाने आणून दिली, त्याच्यासमोर उघडली. आत एक कॅपॅसिटर, एक छोटं सर्किट आणि बाहेरून दिसणारा हिरवा एलईडी. घरगुती मीटर युनिट मोजतं, आणि या कॅपॅसिटरने युनिट कमी होत नाहीत. तो म्हणाला, "पण दिवा तर लागतो." दिवा लागतो म्हणजे ती डबीही थोडी वीज खाते. झटपट उपाय शोधणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, ते पैसे एलईडी बल्बांवर किंवा बीएलडीसी पंख्यावर घाला. साधा पंखा 75 वॅट घेतो, बीएलडीसी तीस-पस्तीस. दिवसाचे पंधरा तास पंखा चालणाऱ्या घरात हा फरक दर महिन्याला मीटरवर दिसतो.

बाकीच्या, थोडक्यात

इन्व्हर्टर आहे म्हणून लोडशेडिंगमध्येही टीव्ही चालूच ठेवणं. इन्व्हर्टर वीज तयार करत नाही. बॅटरीत चार युनिट भरले तर परत तीनच्या आसपास मिळतात, आणि ती भरपाई तो लाइट आल्या आल्या, ऐन गर्दीच्या वेळी ओढतो. एक पंखा, एक दिवा, बस.

एसी 18 वर. लवकर थंड होत नाही, फक्त जास्त वेळ चालतो. 24 किंवा 26 वर ठेवा, सोबत पंखा लावा. दर अंशाला साधारण सहा टक्के वीज वाचते.

देवघरातला जुना झिरोचा बल्ब. नाव झिरो, घेतो बारा-पंधरा वॅट, आणि जळतो रात्रभर. अर्ध्या वॅटचा एलईडी मिळतो.

सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद करून झोपणं. भिंतीवरचं बटण बंद करा.

फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालणं. फ्यूज वाचेल, वायरिंग पेटेल. मी अशी तार दिसली की तिथल्या तिथे कापतो.

आणि जनरेटर. कार्यासाठी भाड्याने आणलेल्या जनरेटरची वायर सरळ घराच्या प्लगमध्ये खोचणारे लोक मी पाहिले आहेत. मेन चालू राहिला तर ती वीज उलटी तारेवर जाते, डीपीतून चढून हजारो व्होल्ट होते, आणि लाइट बंद आहे असं समजून खांबावर चढलेला लाइनमन मरतो. चेंजओव्हर स्विच नसेल तिथे मी जनरेटर जोडून देत नाही, मांडवात वऱ्हाड उभं असलं तरी.