माओरी आणि स्पॅनिश शिकताना या चुका टाळा

दर शनिवारी दुपारी ऑकलंडमधल्या आमच्या जेवणाच्या टेबलाशी मराठी घरांतली चार-पाच मुलं वह्या घेऊन बसतात. शाळेत कुणी माओरी घेतलंय, कुणी स्पॅनिश, एकीने दोन्ही. वह्या वेगळ्या, चुका त्याच. लाल पेनाचा कंटाळा आला, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी तोहुतो, म्हणजे माओरीत दीर्घ स्वरावर देतात ती आडवी रेघ. मुलं एकतर ती विसरतात, नाहीतर कोथिंबिरीसारखी भुरभुरवतात. गेल्या वर्षी शाळेतल्या खाऊविक्रीसाठी एकाने हौसेने पाटी रंगवली. केकला माओरीत 'केके' म्हणतात, दोन्ही स्वर ऱ्हस्व. याने दोन्हींवर रेघा ओढल्या. 'केऽकेऽ' म्हणजे काख! चॉकलेटची काख, दोन डॉलरला एक. दुपारी माओरीच्या बाई आल्या, हसून हसून डोळे पुसले आणि एक तुकडा विकत घेतला.

"अरे, रेघा कशाला दिल्यास?"

"काकू, रेघ असली की माओरी दिसतं."

आता काय बोलणार! माझा उपाय आजीच्या काळचा आहे: लघु-गुरू. ऱ्हस्वाला एक टाळी, दीर्घाला दोन. नवा शब्द आधी टाळ्यांवर म्हणायचा, मगच लिहायचा. फोनवर स्वराची कळ दाबून धरली की रेघेचं अक्षर मिळतं, तेव्हा 'टाइप होत नाही' ही सबब माझ्याकडे चालत नाही.

समासात देवनागरीत उच्चार लिहून ठेवू नका. आपल्या ए-ओला ऱ्हस्व-दीर्घ अशी वेगळी अक्षरंच नाहीत, त्यामुळे काख आणि केक पुन्हा एकच होतात.

आईवडिलांची चूक वेगळी. कुटुंबाला 'व्हानाऊ' म्हणू नका, तिथे बहुतेक ठिकाणी फ च्या जवळचा उच्चार होतो. 1987 पासून ही इथली अधिकृत भाषा आहे, एवढं तरी करूया. शब्दाच्या सुरुवातीचा ङ मात्र आपल्याला जमायला हवा, 'वाङ्मय' नीट म्हणणाऱ्याने तरी घाबरू नये.

माझा सगळ्यात जास्त जीव जातो तो मुलं मधे इंग्रजी घुसवतात तेव्हा. माओरीत 'तातोउ' म्हणजे आपण, 'मातोउ' म्हणजे आम्ही. दोघंच असतील तर त्यांचे 'ताउआ' आणि 'माउआ' होतात. इंग्रजीत या सगळ्याला एकच 'वुई', म्हणून पोरं चार ओळींचा तक्ता घोकतात आणि परीक्षेत नेमकं उलटं लिहितात. अरे, घरी "आपण जेवूया" आणि "आम्ही जेवलो" यात कधी चुकता का?

स्पॅनिशमध्येही तेच. वहीत हमखास 'यो गुस्तो' सापडतं, कारण डोक्यात 'आय लाइक' असतं. मला आंबा आवडतो: 'मे गुस्ता एल मांगो'. मला आंबे आवडतात: 'मे गुस्तान लोस मांगोस'. आवडणारी वस्तू कर्ता, क्रियापद तिच्यामागे, अगदी मराठीसारखं. हे दाखवलं की चेहरे बघण्यासारखे होतात. त चा उच्चारही तांब्यातल्या त चा करा, टोपीतल्या ट चा नको.

वय सांगताना एन वरची नागमोडी रेघ विसरू नका. वर्षांऐवजी शरीराचा भलताच भाग मोजला जातो.

'सेर' आणि 'एस्तार' यांच्यापुढे मात्र मराठीही हात टेकते, आपल्याकडे दोन्हींना 'आहे'च. ऑनलाइन एक झटपट नियम फिरतो: कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार. घाईवाल्यांना तो फार आवडतो. मग मेलेल्या माणसाला 'एस्ता मुएर्तो' का म्हणतात? तो काय उद्या उठून बसणार आहे? मी नियम सांगतच नाही. रोज पाच वाक्यं पाठ, मोठ्याने. मुलं कुरकुरतात. कुरकुरू देत.