बुडालेली जहाजं शिकायचीत? आधी एक होडी मोजा

सागरी पुरातत्त्वात एमए करू इच्छिणारी मुलं मला पहिल्यांदा डायव्हिंगचं विचारतात. ते नंतर शिकता येतं. होडी कळायला वर्षं लागतात, म्हणून सुरुवात तिथून करा.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वाळूवर ओढलेल्या असतात. तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, विचारून एक निवडा. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत मधोमध दोरी ताणा. दर अर्ध्या मीटरवर ओळंबा सोडून खोली मोजा, दोरीपासून दोन्ही बाजूंच्या फळ्यांपर्यंतचं अंतर घ्या आणि आलेखाच्या कागदावर उतरवा. मालवणात मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा दोन कुशींची मापं जुळेनात. मी ती घरी येऊन सारखी करून टाकली. दुसऱ्या दिवशी कागद बघून आबा तांडेल म्हणाले, "ही माझी होडी न्हय गो." बरोबरच होतं त्यांचं. लाकूड मिळालं तशी सुतारानं फळी वळवली होती आणि मी नेमकं तेच पुसलं होतं. मोजलंत तेच काढा.

पाया म्हणून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एमए उत्तम. आपल्याकडचं समुद्रातलं संशोधन समजून घ्यायला गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे द्वारकेवरचे आणि गोव्याजवळच्या सुंची रीफ या समुद्रातल्या खडकाळ जागेवरचे शोधनिबंध वाचा. परदेशात साउथॅम्प्टन, ऑस्ट्रेलियातलं फ्लिंडर्स आणि मी शिकले ते टेक्सास ए अँड एम. १९६० मध्ये तुर्कस्तानच्या केप गेलिडोन्याला स्वतः बुडी मारून बुडालेल्या जहाजाचं उत्खनन करणारे जॉर्ज बास तिथेच शिकवायचे.

तिथे समुद्र लांब आहे. बराच वेळ जातो प्रयोगशाळेत. १६८६ मध्ये बुडालेल्या 'ला बेल' या फ्रेंच जहाजाचं लाकूड तिथेच टिकवलं गेलं. शतकानुशतकं पाण्यात राहिलेलं लाकूड वरून धडधाकट दिसतं, पण नख लावलं की रुततं. आतल्या पेशींना पाण्यानंच तोलून धरलेलं असतं. तसंच वाळवलं तर ते आक्रसून तडकतं. म्हणून पाण्याच्या जागी हळूहळू मेणासारखं रसायन भरायचं, मग गोठवून सुकवायचं. यात वर्षं जातात. एवढा धीर असेल तरच या वाटेला या.

जहाजांचा माग जुन्या कागदांतही काढावा लागतो, म्हणून मोडी आणि पोर्तुगीज आत्ताच सुरू करा. पेशवे दफ्तर पुण्यात आहे, पोर्तुगीजांची कागदपत्रं पणजीत. दोन्ही वाचणारी माणसं फार थोडी आहेत.

आणि अर्जाला त्या होडीचं रेखाचित्र जोडा, कुशी वाकड्या असल्या तरी. मी आबांच्या होडीचं जोडलं होतं, दुसऱ्यांदा काढलेलं.