नाल्याकाठच्या वस्तीने पुराची तयारी कशी करावी

२३ सप्टेंबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर नागपुरात अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी झोपेतल्या माणसांच्या घरांत शिरले. बचावपथके आली, लष्कराचीही मदत मिळाली. परंतु असा पूर इतक्या झपाट्याने चढतो, की पहिला तासभर वस्तीला स्वतःच्याच बळावर काढावा लागतो. तयारी करायची ती त्या तासासाठी.

मे महिन्यातच तळमजल्यावरील घरांची यादी करावी. अंथरुणाला खिळलेले वृद्ध, गरोदर स्त्रिया, तान्ही मुले कोणत्या घरांत आहेत याची नोंद करून प्रत्येकापुढे त्यांना वरच्या मजल्यावर नेणाऱ्या दोन शेजाऱ्यांची नावे लिहावीत. एकजण ऐनवेळी गावाला गेलेला असू शकतो. ज्यांच्या घरी न्यायचे, त्यांच्याशीही आधीच बोलून ठेवावे. मग एकाला खुर्चीत बसवून दोघांनी जिना चढून पाहावा, कारण अरुंद जिन्याच्या वळणावर खुर्ची अडते की नाही, हे तेव्हाच कळते. सगळ्या तयारीत हे काम मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि नेमके हेच राहून जाते.

नाल्याच्या भिंतीवर दुरून दिसेल असा पिवळा आणि त्याच्या वर लाल पट्टा रंगवावा. मुसळधार पावसाच्या रात्री पाळीपाळीने काठावरच्या घराच्या गच्चीतून विजेरीने त्यावर नजर ठेवावी. पाणी पिवळ्या पट्ट्याला लागताच देवळाची घंटा किंवा शिट्टी वाजवून सर्वांना उठवावे आणि यादीतील माणसांना हलवावे. लाल पट्ट्यापर्यंत थांबू नये. वीज गेलेली असते, फोन मूक असतात, म्हणून केवळ व्हॉट्सॲपवर विसंबणे धोक्याचे आहे.

नाल्यातील गाळ व बांधकामाचा मलबा उपसण्यासाठी महापालिकेच्या झोन कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

घरात पाणी शिरण्यापूर्वी गॅसचा रेग्युलेटर आणि विजेचा मेन स्विच बंद करावा. पाण्यात उभे राहून स्विचला हात लावू नये. वाहत्या पाण्यात उतरू नये, गाडी काढायला तर मुळीच नाही. मदतीसाठी ११२ वर फोन करावा.

पाणी ओसरल्यावर साफसफाईपूर्वी नुकसानीची छायाचित्रे काढावीत, म्हणजे पंचनाम्याच्या वेळी ती दाखवता येतील. जमिनीखालच्या टाकीत पुराचे पाणी गेले असल्यास ती उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक करावी आणि तोवर पिण्यासाठी बाहेरून आणलेले स्वच्छ पाणी उकळून वापरावे.